महाराजा सयाजीराव गायकवाड आणि ग्रंथालयाची उघडी कपाटे

आपल्या समाजात महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे नाव निघते ते बहुधा एका शिष्यवृत्तीच्या संदर्भात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेस पाठविणारे बडोद्याचे महाराज, एवढी त्यांची ओळख जयंतीच्या भाषणांतून आणि शाळेच्या भित्तिपत्रकांतून पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. ती खोटी नाही. तोकडी मात्र आहे. ज्या काळात ही शिष्यवृत्ती दिली गेली, त्याच काळात महाराजांनी आपल्या संस्थानात आणखी एक गोष्ट उभी केली. गावोगाव पुस्तके पोहोचविणारे ग्रंथालयांचे जाळे, आणि ते चालविण्यासाठी रीतसर शिकून तयार झालेला पगारी ग्रंथपाल, या दोन्ही गोष्टी हिंदुस्थानास नवीन होत्या.

हा विषय आम्ही या स्मरणिकेसाठी निवडला, त्यास निमित्त आहे. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांत आपले कित्येक माजी विद्यार्थी आज शाळा-महाविद्यालयांत आणि सार्वजनिक ग्रंथालयांत ग्रंथपाल म्हणून काम करीत आहेत. दाखल-नोंदवहीत शाईने आकडे घालण्यापासून बारकोड वाचणाऱ्या यंत्रापर्यंतचा सारा प्रवास त्यांना एकाच नोकरीत करावा लागला. भेटीगाठीत ते बोलतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात थोडी धास्ती असते. यंत्र आले, वाचक मोबाइलकडे गेला, आता आपले काम काय, असा त्यांचा प्रश्न असतो. हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी वेगळ्या रूपाने बडोद्यात उभा राहिला होता, आणि तो सोडविण्याची एक रीत तेथे घडली. म्हणून महाराजांचे चरित्र येथे आम्ही त्या एका अंगाने सांगत आहोत.

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात कवळाणे या लहानशा गावी झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. घराणे गायकवाडांचेच, पण दूरच्या शाखेचे. शेतीवाडीवर निर्वाह करणारे. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत या मुलास अक्षरओळखही नव्हती. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून आणलेल्या मुलांतून गोपाळरावांची निवड झाली आणि त्याच वर्षी ते सयाजीराव या नावाने गादीवर बसले.

त्यानंतरची सहा वर्षे शिक्षणाची होती. राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत आणि एलियट नावाचे इंग्रज शिक्षक या मुलास शिकवीत. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा एकदम गळ्यात पडलेल्या. त्यात अक्षरे उशिरा भेटलेली. उशिरा वाचायला शिकलेल्या माणसास पुस्तकाची जी ओढ लागते ती लहानपणीच शिकलेल्यास क्वचितच असते, हे आपल्या वसतिगृहात ज्यांनी पहिल्या पिढीची मुले पाहिली आहेत त्यांस वेगळे सांगावयास नको. सयाजीरावांचे वाचन पुढे आयुष्यभर चालले. प्रकृती साथ देईना तेव्हा पुस्तके वाचून दाखविण्यासाठी त्यांच्या पदरी वाचक नेमलेले असत. राजवाड्यातील त्यांचा खाजगी ग्रंथसंग्रह सुमारे वीस हजारांवर गेला.

२८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याचे पूर्ण अधिकार हाती आले. लवकरच अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी त्यांनी सरकारी खर्चाने शाळा काढल्या. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सर्व संस्थानास लागू झाले. त्या वेळी ब्रिटिश अमलाखालील मुलखात असा कायदा कोठेही नव्हता.

येथे एक अडचण समोर आली, आणि आमच्या मते महाराजांच्या ग्रंथालय-कार्याचे मूळ त्या अडचणीत आहे. गावातील मूल चार-पाच यत्ता शिकून शाळेबाहेर पडे, शेतावर किंवा मागावर जाई आणि काही वर्षांत अक्षरे विसरून जाई. हाताशी वाचावयास काही नसेल तर शाळेवर केलेला खर्च वाळूत पाणी ओतल्यासारखा. शाळेच्या पाठोपाठ गावात पुस्तक गेले पाहिजे, हा विचार त्यातून पक्का झाला. गुजरातेत मोतीभाई अमीन यांनी तरुणांची मित्रमंडळे काढून वाचनालये चालविण्यास आरंभ केलाच होता. त्या लोकचळवळीस राज्याचे पाठबळ मिळाले.

परदेश प्रवास महाराज प्रथम प्रकृतीच्या कारणाने करू लागले. पुढे तो त्यांच्या अभ्यासाचा भाग झाला. १९०६ आणि १९१० साली ते अमेरिकेत गेले. तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून ते थबकले असावेत, असे त्यांच्या पुढच्या निर्णयांवरून वाटते. कारण त्यांनी तेथून यंत्रसामग्री किंवा पुस्तकांचे खोके आधी मागविले नाहीत. आधी माणूस आणला. न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन यांना त्यांनी १९१० मध्ये तीन वर्षांसाठी बडोद्यास बोलावले आणि राज्याचा स्वतंत्र ग्रंथालय विभाग त्यांच्या हाती सोपविला. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी तो उलटा झालेला दिसतो. अनुदानातून संगणक येतो, त्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन चढते, आणि ते उतरविणारा माणूस नेमण्याची मंजुरी वर्षानुवर्षे येत नाही.

बोर्डन यांनी बडोद्यात काय केले, हे थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण त्या काळचे नवे तंत्रज्ञान ते हेच. त्यापूर्वी आपल्याकडील ग्रंथालयांत पुस्तकांची यादी वहीत असे. नवे पुस्तक आले की नोंद शेवटी जाई. यादी वर्णानुक्रमे करावी तर दर दोन-तीन वर्षांनी सबंध वही नव्याने लिहावी लागे, आणि लिहून होते न होते तोच ती पुन्हा जुनी होई. तालिका-पत्राने, म्हणजे ज्याला आपण नेहमीच्या बोलण्यात कार्ड म्हणतो त्याने, ही कटकट संपविली. एका पुस्तकाची तीन-चार पत्रे करावयाची: लेखकाच्या नावाचे, ग्रंथनामाचे, विषयाचे. ती खणात आपापल्या जागी घालावयाची. उद्या आलेले पुस्तक कालच्या दोन पुस्तकांच्या मध्ये बसते आणि बाकीचे एकही पत्र हलवावे लागत नाही. आज संगणकावर लेखक, शीर्षक किंवा विषय यांपैकी काहीही टंकून शोध घेता येतो, त्या सोयीची ही आजी होय. ज्यांनी कार्डे लिहिली आहेत ते संगणकीय नोंदीचे रकाने पाहताच ओळखतात. ज्यांनी लिहिली नाहीत त्यांना ते रकाने निरर्थक वाटतात.

दुसरी गोष्ट वर्गीकरण. अमेरिकेत मेल्व्हिल ड्यूई यांची दशांश पद्धती १८७६ मध्ये प्रसिद्ध झाली होती आणि चार्ल्स कटर यांची अक्षरांची पद्धती तिच्या जोडीस होती. बोर्डन यांनी दोहोंचा मेळ घालून बडोद्यासाठी निराळी पद्धती तयार केली. परदेशातील साचा जसाच्या तसा न उचलण्याचा हा विवेक आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे बहुतेक ग्रंथालये ड्यूईची पद्धती वापरतात. तीत धर्माचा वर्ग दोनशे या अंकापासून सुरू होतो आणि त्यातील बराचसा भाग एकट्या ख्रिस्ती धर्मास दिलेला आहे. बौद्ध धम्मास जागा मिळते ती २९४.३ या एका चिंचोळ्या खणात. आपल्यासारख्या शाळेत, जेथे त्रिपिटकाची भाषांतरे, जातककथा, बाबासाहेबांचा धम्मग्रंथ, विपश्यनेवरील पुस्तके व विहारांची माहितीपत्रके यांनीच दोन कपाटे भरतात, तेथे ग्रंथपालास दशांशचिन्हापुढे आकड्यांची शेपटी वाढवीत न्यावी लागते. अंक वरवर निष्पक्ष दिसतात. ते ज्याने मांडले त्याचे जग त्यांत उतरलेले असते.

ड्यूई यांचेच उदाहरण घ्यावे. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १८८७ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे विद्यालय काढले आणि विद्यापीठाची नाराजी पत्करून स्त्रियांना प्रवेश दिला. पहिल्या तुकडीत स्त्रियाच अधिक होत्या. याच माणसाने स्थापन केलेल्या मंडळीच्या विश्रामस्थानात मात्र यहुदी लोकांस मज्जाव होता. त्यावरून १९०५ मध्ये मोठा गदारोळ झाला आणि त्यांना न्यू यॉर्क राज्याच्या ग्रंथपालपदावरून दूर व्हावे लागले. ज्ञानाची नवी रीत आणणारा आणि माणसास दाराबाहेर ठेवणारा हे दोघे एकाच अंगरख्यात राहू शकतात. बडोद्याच्या कथेतही हे पुढे दिसणार आहे.

बोर्डन यांचे सर्वांत टिकाऊ काम कपाटे किंवा कार्डे यांचे नव्हते. १९११ मध्ये त्यांनी बडोद्यात ग्रंथालय-प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. हिंदुस्थानातील असा हा पहिला वर्ग. लाहोरचा त्यानंतर चार वर्षांनी निघाला. तोपर्यंत ग्रंथपाल म्हणजे कुलपाची किल्ली कमरेस लावून बसलेला राखणदार, पुस्तक हरवले तर ज्याच्या पगारातून कापून घ्यावयाचे असा कारकून. तो जितकी कमी पुस्तके बाहेर देई तितका सुरक्षित असे. बडोद्यात तयार झालेल्या ग्रंथपालाची गणना उलट होती. पुस्तके किती राखली यापेक्षा किती वाचली गेली हे त्याने दाखवावयाचे. मध्यवर्ती ग्रंथालयात कपाटे उघडी ठेवण्यात आली. वाचकाने आत जाऊन, हाताळून, चाळून पुस्तक निवडावे ही मोकळीक दिली गेली. वर्गणी नव्हती. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते. महाराजांनी राजवाड्यातील आपला वीस हजारांचा संग्रह या ग्रंथालयास देऊन टाकला.

किल्ली सोडून देणे हे त्या जुन्या राखणदारांस सोपे गेले नसणार. चोरी होईल, पाने फाटतील, अडाणी लोक पुस्तके खराब करतील, ही भीती त्या वेळीही असणारच. ती आजही ऐकू येते. आमच्या ओळखीच्या काही शाळांत पुस्तके अजून काचेआड आहेत आणि विद्यार्थी बाहेरून नावे वाचतात. काही पुस्तके खरेच हरवतात. हरवलेले पुस्तक कोणी तरी वाचण्यासाठी नेले असण्याचा संभव असतो. काचेआडच्या पुस्तकाला तेवढाही संभव नसतो.

नव्या व्यवसायास स्वतःचे मुखपत्र हवे म्हणून १९१२ मध्ये बडोद्याहून लायब्ररी मिसलेनी हे त्रैमासिक निघू लागले. त्यात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. ग्रंथपालांनी आपापसांत कामाविषयी लिहावे, दुसऱ्याच्या अडचणी वाचाव्या, ही कल्पना त्या काळी किती दूरची होती हे सांगावे लागू नये. बोर्डन १९१३ मध्ये परत गेले तेव्हा काम थांबले नाही. त्यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी विभाग सांभाळला आणि १९१९ मध्ये बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर पुस्तक लिहिले. पुढे न्यूटन मोहन दत्त आले. त्यांचे बडोदा व तेथील ग्रंथालयांवरील पुस्तक १९२८ चे आहे. परदेशी तज्ज्ञ निघून गेल्यावर काम चालू राहिले, याचे श्रेय त्या प्रशिक्षण-वर्गाकडे जाते.

खेड्यांकडे पुस्तके नेण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. गावकऱ्यांनी वाचनालयासाठी जेवढी रक्कम उभी करावी, तेवढीच भर प्रांत पंचायतीने व तेवढीच सरकारने घालावयाची. म्हणजे गावाचा एक रुपया तीन रुपये होई, आणि वाचनालय आपले आहे ही भावना गावात राही. जेथे तेवढीही ऐपत नसे तेथे फिरत्या पेट्या जात. भक्कम लाकडी पेटी, आत पंधरा ते तीस पुस्तके. रेल्वेने किंवा गाडीने गावात यावयाची, काही महिन्यांनी दुसरीने तिची जागा घ्यावयाची. भाड्याचा खर्च सरकारचा. ज्यांना वाचताच येत नसे त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याने दृश्यशिक्षणाची शाखा काढली. जादूच्या दिव्यावरील काचचित्रे, दोन डोळ्यांनी पाहावयाची त्रिमितिचित्रे आणि चलच्चित्रे दाखविण्याचे यंत्र घेऊन ही मंडळी गावोगाव हिंडत आणि फुकट खेळ करीत. १९१२ च्या सुमारास ग्रंथपाल सिनेमाचे यंत्र घेऊन खेड्यात जातो, ही गोष्ट आज मोबाइलला घाबरणाऱ्या ग्रंथपालांनी एकदा मनात आणून पाहावी. पडद्यामुळे पुस्तक मरेल असे त्या विभागास वाटले नाही. पडद्याजवळ जमलेली माणसे उद्या पेटीजवळही येतील, असा त्यांचा हिशेब होता.

त्याच काळात आमचा मुलूख कोठे होता? नांदेड आणि लातूर दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडे. नांदेडवरून मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग जात होता आणि बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ च्या सुमारास लातूरपर्यंत येऊन पोहोचली. म्हणजे बडोद्यात पुस्तकांच्या पेट्या रेल्वेत चढू लागल्या त्याच सुमारास रेल्वे लातूरलाही आली. तिने कापूस व धान्य वाहिले. पुस्तकांची पेटी उतरविणारा कोणी नव्हता. शिक्षणाची व कारभाराची भाषा उर्दू, मराठी शाळा विरळ, सभा-संमेलनांवर पुढे गश्ती क्रमांक ५३ चा पहारा. अशा काळात मराठवाड्यात जी थोडी मराठी वाचनालये तगली ती लोकांच्या हिमतीवर. त्यांतही आपल्या माणसांचा पाय उंबऱ्याच्या आत पडणे ही वेगळीच गोष्ट होती.

धम्माशी महाराजांचा संबंध शिष्यवृत्तीच्याही आधीचा आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. धर्मानंद कोसंबी सिंहलद्वीपात व ब्रह्मदेशात पाली शिकून आले आणि कलकत्त्यास अध्यापन करू लागले. महाराष्ट्रात राहून बौद्ध साहित्य मराठीत आणावे ही त्यांची तळमळ होती. महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहावे, वर्षाकाठी बडोदे सरकारसाठी एक पुस्तक लिहावे आणि महिना पन्नास रुपये घ्यावे, अशी व्यवस्था सयाजीरावांनी त्यांना देऊ केली. कोसंबींनी कलकत्त्याचा याहून कितीतरी मोठा पगार सोडून ती पत्करली. पुढे चिंतामण वैजनाथ राजवाडे यांनी केलेले दीघनिकायाचे मराठी भाषांतर बडोद्याहून १९१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तथागतांची वचने मराठी वाचकाच्या हाती देणाऱ्या आरंभीच्या पुस्तकांत ते गणले जाते. ग्रंथालय उभारावयाचे तर त्यात ठेवण्याजोगे पुस्तकही लोकांच्या भाषेत तयार करावे लागते, हे महाराजांनी ओळखले होते. संगणकावर जगातील सर्व पुस्तके आहेत असे म्हणणाऱ्यांस आम्ही विचारतो, त्यांपैकी मराठीत किती?

आता शिष्यवृत्तीकडे येतो. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी तरुण भीमरावांस आपले बुद्धचरित्र भेट दिले आणि महाराजांकडे शब्द टाकला, ही कथा सर्वश्रुत आहे. महाविद्यालयीन शिक्षणासाठी महिना पंचवीस रुपये मिळाले. १९१३ च्या जूनमध्ये तीन वर्षांच्या परदेशी शिक्षणाचा करार झाला आणि त्या बदल्यात दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याची अट होती. बाबासाहेब गेले ते कोलंबिया विद्यापीठात. आम्हाला येथे एक योग मनोरम वाटतो. ज्या विद्यापीठात ड्यूई यांनी ग्रंथपालांची पहिली शाळा काढली, त्या परंपरेतील माणूस १९१० मध्ये बडोद्यास आला आणि तीन वर्षांनी बडोद्याचा विद्यार्थी त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसला. तेथे उघडी कपाटे, विषयवार कार्डे आणि मागेल ते पुस्तक आणून देणारे ग्रंथपाल त्याच्या वाट्यास आले. कोणीही त्याची जात विचारली नाही. न्यू यॉर्कच्या जुन्या बाजारात पोट मारून त्याने सुमारे दोन हजार पुस्तके घेतली.

१९१७ मध्ये ते करारानुसार बडोद्यास रुजू झाले. पुढचे सर्वांना माहीत आहे. तरी या चरित्रात ते टाळता येत नाही. कचेरीतील शिपाई कागद दुरून टाकीत. प्यावयास पाणी मिळेना. राहावयास शहरात जागा मिळेना, म्हणून पारशी विश्रामगृहात आश्रय घ्यावा लागला, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी तेथूनही बाहेर काढले. महाराजांनीच वसविलेल्या कामाठी बागेत एका झाडाखाली पाच तास बसून बाबासाहेब मुंबईस परतले. तेव्हा त्या शहरात कार्डांची तालिका होती, उघडी कपाटे होती, देशातील पहिला ग्रंथपाल-वर्ग होऊन गेला होता. महाराजांचा हेतू शुद्ध होता याविषयी आम्हाला शंका नाही. पण त्यांच्या हुकमाने कपाटाचे कुलूप निघाले, शेजाऱ्याच्या मनाचे निघाले नाही. त्यांच्या कार्याचा गौरव करताना हे पान चिकटवून टाकणे आम्हाला मान्य नाही. त्यांचे मोठेपण त्यामुळे कमी होते असेही आम्ही मानीत नाही. त्या मोठेपणाची हद्द कोठे होती ते कळते.

महाराजांची अखेरची वर्षे दुःखाची होती. कर्ते मुलगे एकामागून एक डोळ्यांदेखत गेले. प्रकृती ढासळत गेली. तरी काम चालू होते. १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर स्वतंत्र झाले आणि मध्यवर्ती ग्रंथालयातील हस्तलिखितांचा विभाग त्याच्याकडे गेला. १९३१ मध्ये मांडवी भागात ग्रंथालयाची नवी वास्तू उभी राहिली. तिच्यात लाकडाऐवजी पोलादी मांडण्या आहेत आणि मजल्यांच्या फरशा जाड काचेच्या, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यावरील पुस्तकांच्या पाठींवर पडावा. वाळवी, आग आणि अंधार हे ग्रंथालयाचे तीन शत्रू. तिघांचाही विचार त्या एका बांधणीत झालेला आहे. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज मुंबईस निवर्तले.

ज्या वर्षी ती वास्तू झाली त्याच वर्षी मद्रासचे डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रे प्रसिद्ध केली आणि ग्रंथपालाच्या व्यवसायास देशी शास्त्र मिळाले. कायदे हळूहळू आले: कोल्हापूर संस्थानात १९४५, हैदराबाद राज्यात १९५५, महाराष्ट्रात १९६७. आमच्या भागात खरा बदल शिक्षणसंस्थांनी केला. १९५० मध्ये नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले आणि त्याच वर्षी बाबासाहेबांनी औरंगाबादेस महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्धीस आले. नांदेड-लातूरकडील आपल्या कित्येक घरांतील पहिला पदवीधर त्या मिलिंदच्या वसतिगृहातून आणि ग्रंथालयातून बाहेर पडला. पुस्तक मागितल्यावर ते हातात ठेवले जाते, लांबून टाकले जात नाही, हे त्या पिढीने तेथे प्रथम पाहिले.

१९९४ मध्ये नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूर जिल्हाही त्याच्या कक्षेत आला. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट या केंद्राच्या द्वारे विद्यापीठे व महाविद्यालये जोडली गेली. सोल नावाची संगणकप्रणाली, शोधगंगेवरील प्रबंध, महाविद्यालयांसाठीची नियतकालिके ही सारी आज मुखेड, किनवट किंवा अहमदपूरच्या विद्यार्थ्यास पडद्यावर मिळू शकतात. मिळू शकतात, असे आम्ही जपून म्हणतो. खाते कसे उघडावे, कोणता शब्द घालून शोधावे, आलेल्या दोनशे नोंदींतील कामाची कोणती, हे सांगणारा ग्रंथपाल असेल तर मिळतात. लातूरच्या अभ्यासिकांत पहाटेपासून मुले बसतात. त्यांना खुर्ची, दिवा व जाळे एवढेच पुरते, असा समज पसरला आहे. त्यांतील गरीब मुलास मात्र पुस्तकेही हवी असतात आणि विचारावयास माणूसही. गावोगावच्या अनुदानित ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यास मिळणारे वेतन, शाळांतील अर्धवेळ ग्रंथपालाची ओढाताण, निवृत्तीनंतर रिकामी राहणारी पदे, यांविषयी येथे अधिक लिहीत नाही. ज्यांच्यावर बीतते ते हे पान वाचीत आहेत.

आपल्या शाळेच्या ग्रंथालयातील जुन्या दाखल-नोंदवह्या संगणकावर चढविण्याचे काम या उन्हाळी सुट्टीत हाती घेतले जात आहे. कित्येक पुस्तकांची कार्डे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांच्या हस्ताक्षरात आहेत. ती फेकून न देता क्रमवार बांधून ठेवावयाची असे ठरले आहे. आरंभ २९४.३ च्या दोन कपाटांपासून होईल. ज्या माजी विद्यार्थ्यांस ग्रंथालयाच्या कामाचा अनुभव आहे आणि चार-आठ दिवस देता येतील, त्यांनी ग्रंथपालांकडे नाव कळवावे. राहण्या-जेवणाची सोय वसतिगृहात आहे. कपाटांच्या काचा तेवढ्या दिवसांत काढून ठेवलेल्या असतील.